मंडीत वाचवलं, कचरागाडीत घातलं

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामा नगरमधे राहतो, घरात पाच जणं, सासूबाई, आम्ही दोघं नि दोन मुलं. दर रविवारी सकाळी यांच्या स्कूटरवर चोइथराम मंडीत जाऊन धडीच्या भावाने भाजी आणते, किराणा सगळा सियागंजमधून होलसेल, तरी महिना 14-15 हजाराच्या खाली येतच नाहीये. शेजारची वहिनी दारावरच्या ठेल्यावरून पाव-पाव किलो घेते आणि तिचा खर्च माझ्यापेक्षा कमी! मी कुठे चुकून राहिलेय?

उत्तर : ताई, भाव करण्यात तुम्ही कुठेच चुकत नाहीये, मीपण अशीच होते. धडी म्हणजे पाच किलो, आणि पाच किलो टमाटर 20 च्या भावाने 100 ला मिळाले की आपल्याला लढाई जिंकल्यासारखं वाटतं, ठेल्यावर तेच 30 रुपये किलो असतात नं. पण आता पुढे बघा. त्यातले तीन किलो खाल्ले, दोन किलो खाली दबून पाणी सुटून गेले, म्हणजे जे पोटात गेलं ते 33 रुपये किलो पडलं. ठेल्यापेक्षा महाग, वर पेट्रोल. आणि एक विचारू का, मंडीतून येताना पोहे-जलेबी होते ना? त्याचा हिशोब कुठल्या खात्यात टाकता? आमच्याकडे तो कुठेच नव्हता, तो "मंडीत गेलो होतो" यातच जिरून जायचा.

एक काम करा. आपल्याकडे कचरागाडी गाणं वाजवत येते आणि ओला-सुका वेगळा करायची सवय तर इंदूरवाल्यांना लागलेलीच आहे, तर आठवडाभर ओल्या डब्याच्या शेजारी एक वेगळी पिशवी लटकवा. सालं, देठं, चहाचा चोथा तिच्यात नाही, फक्त जे खाता आलं असतं ते. मी हे केलं तेव्हा शनिवारी काट्यावर पावणेदोन किलो भरलं: पिवळी पडलेली मेथी, पाणी झालेली काकडी, सहा-सात टमाटर, दोन वाट्या आंबलेलं वरण आणि चार पोळ्या ज्या "कोणी तरी खाईल" म्हणून केल्या होत्या. देवगुराडियाला 2022 मधे ओल्या कचऱ्याचा जो प्लांट सुरू झाला तिथे त्याचा गॅस बनतो आणि त्यावर सिटी बस चालतात, छानच आहे, पण बसला आपण तिकीट काढतोच की, मेथी कशाला द्यायची!

तर धडीने फक्त टिकणारं घ्या, कांदे, बटाटे, लसूण, लाल भोपळा. कांदे-बटाटे एका टोपलीत नको, बटाट्याला लवकर कोंब येतात. टमाटर-फ्लॉवर धडीनेच हवं असेल तर शेजारच्या वहिनीला भागीदार करून घ्या, अडीच-अडीच किलो. पालेभाजी, गिलकी (घोसाळी), काकडी मात्र ठेल्यावरूनच, दोन दिवसाची. कोथिंबीर आणल्याआणल्या धुवू नका, मुळं कापून कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात, आठवडा जातो. आणि शेव-परमलची (परमल म्हणजे कुरमुरे) पाकिटं महिन्यात किती येतात ते पण मोजा, आपल्याकडे वरणावर सुद्धा शेव लागते, मी काय सांगू, तिथेच हजार-बाराशे निघतील.

प्रश्न : तेलाचं पाकीट पूर्वी जितके दिवस जायचं तितके आता जात नाही, बायको म्हणते मी जास्त तळायला लावतो. खरं काय?

उत्तर : दादा, दोघंही बरोबर असाल! पण पाकीट उलटवून वजन वाचा. एक लिटर सोयाबीन तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, आता त्याच आकाराच्या पाकिटात 850, 800, 750 ग्रॅम पण येतं आणि लांबून सगळी सारखीच दिसतात. समजा 910 ग्रॅमचं 140 ला आहे आणि 750 चं 123 ला, हाताला 123 स्वस्त लागतं, पण पहिलं 100 ग्रॅमला 15 रुपये 38 पैसे पडतं आणि दुसरं 16 रुपये 40 पैसे. पाकिटावर युनिट सेल प्राइस, म्हणजे मापामागचा भाव, बारीक अक्षरात छापलेली असते, चष्मा घेऊन जा. तळणाबद्दल वहिनींशी तुमचं तुम्हीच निपटा.

प्रश्न : सासूबाई म्हणतात गहू वर्षाचा भरायचा, मला वाटतं पिठाची थैली सोपी. जागा कमी आहे, मागच्या वर्षी किडेपण झाले होते.

उत्तर : सासूबाईंचं ऐका, पण अर्धं. एप्रिल-मे मधे नवा माल येतो तेव्हा भाव बरा असतो, रोजच्या पोळीला लोकवन चांगला, शरबती महाग पडतो, तो सणावाराला थोडा. चार-पाच जणांना वर्षाला तीनेक क्विंटल लागतो, जागा नसेल तर एकच भरा, उरलेला मधेमधे घ्या. किडे बहुतेक ओलीमुळे. दाणा दाताखाली कट वाजला पाहिजे, लवला तर अजून ऊन द्या. आणि उन्हातून काढलेला गरम गहू लगेच कोठीत ओतू नका, आत वाफ धरते, रात्रभर चादरीवर पसरून गार होऊ द्या, मग एरंडेलाचा हात लावून भरा. चक्कीवरून दहा-बारा दिवसांपुरतंच दळून आणा, पावसाळ्यात त्याहून कमी.

प्रश्न : तूर डाळ महाग झाली की वरण पातळ होतं. सोयाबीन स्वस्त म्हणतात, ते चालेल का?

उत्तर : वरणाला नाही चालत, चव वेगळी आणि तुरीसारखं घोटलं जात नाही. वरणात अर्धी तूर अर्धी मूग घाला, लसणाची फोडणी दिली की कोणी विचारत पण नाही. सोयाबीन कणकेत घाला. तुरीत शंभर ग्रॅमला 22 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, सोयाबीनमधे 36 च्या वर, पण कच्चं दळू नका, पोट बिघडतं. वीस मिनिटं चांगलं उकळून, पाणी फेकून, कडक वाळवून, थोडं भाजून मग नऊ किलो गव्हाला एक किलो. पहिल्यांदा पाव किलोच टाकून बघा, आमच्या मुलाला वास लगेच कळला होता.