गिटारवादक बदलल्यानंतरचा दुसरा अल्बम

तुमच्या बँडचा गिटारवादक नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याच्या जागी आर्वीचा नवा मुलगा आला, म्हणून जुनी गाणी बाजूला सारण्याची घाई करू नका. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडने १९८१ साली ‘किलर्स’ हा दुसरा अल्बम काढला, तेव्हा गिटारवादक डेनिस स्ट्रॅटनच्या जागी एड्रियन स्मिथ आला होता, तरीही त्यातील बहुतेक गाणी आधीच रचलेली होती. ध्वनीला नवा भरीवपणा आला तो मार्टिन बर्चसारखा निर्माता लाभल्यामुळे.

नव्या वादकाला आधीच्याचे सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचे तुकडे, जसेच्या तसे वाजवायला लावू नये, असे माझे ठाम मत आहे. रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे, मात्र बँडमधल्या दोन्ही गिटारवादकांनी मेट्रोनोमवर (ठोक्यांनी लय दाखवणाऱ्या यंत्रावर), आधी संथ लयीत, पिकचे (तारा छेडायच्या पत्तीचे) आघात दोघांनीही एकाच दिशेने देत, तंतोतंत जुळेपर्यंत घोटाव्यात.

ध्वनिमुद्रण कापसाची वेचणी आटोपल्यावर ठेवा. टिनाच्या खोलीत ड्रमच्या झांजा फार घुमतात, तेव्हा भिंतींना गाद्या टेकवा आणि विजेचा दाब खालीवर होत असल्यास अँप (गिटारचा अँप्लिफायर) स्टॅबिलायझरवरच चालवा. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारच्या आवाजाला मुद्दाम दिलेला खरखरीतपणा, मंचावरच्यापेक्षा कमी ठेवा, कारण तीच रिफ दोनदा स्वतंत्रपणे वाजवून डावीकडे व उजवीकडे ठेवली की आवाज आपोआप दाट होतो.