कोल्हापुरात एक जुनी पेडल स्टील गिटार 2 लाख 40 हजारांना मिळतेय. किंमत रास्त आहे का?

तुम्ही दिलेली माहिती एवढीच: सिंगल नेक (तारांचा एकच संच), दहा तारा, 3 पेडल, 4 नी-लीव्हर (गुडघ्यानं ढकलायचे), काळ्या मायकाची अमेरिकन गिटार, सोबत केस आणि व्हॉल्यूम पेडल. मालक परदेशातून कायमचे परत आलेत आणि 2 लाख 40 हजारांच्या खाली एक रुपया उतरत नाहीत. तुलना करायला गावात दुसरी नाही, मग भाव ठरवायचा कशावर, हा तुमचा प्रश्न.

माझं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. दिवसा उद्यमनगरात लेथवर असतो. गणपती, लग्नं आणि यात्रेच्या दिवसांत रात्री ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवतो. त्यामुळे पेडल स्टील पहिल्यांदा हातात आली तेव्हा ती मी वाजवायच्या आधी उलटी करून बघितली. तुम्हीही तेच करा.

गिटार नीट चालत असेल तर 2 लाख 40 हजार ही लूट नाही. खालची यंत्रणा तडकलेली किंवा बॉडी सैल असेल तर दीड लाखसुद्धा जास्त आहेत. आणि ते आवाज ऐकून कळत नाही, ही खरी अडचण आहे.

आधी किंमत एवढी का, ते बघू. आपली मांडीवरची हवाईयन गिटार म्हणजे लाकडाची फळी, पिकअप आणि सहा तारा. कामगिरी सगळी डाव्या हातातल्या लोखंडी बारची. पेडल स्टीलमध्ये बार आहेच, शिवाय पाय आणि गुडघेही कामाला लागतात. ई-नाईन ट्यूनिंग, म्हणजे या गिटारीच्या तारांची नेहमीची जुळवणी, आपल्या भाषेत सांगायचं तर ई ला सा धरा. तारांमध्ये सा, ग, प आहेतच. पहिलं पेडल दाबलं की प चा ध होतो, दुसऱ्यानं ग चा म होतो, सा जागचा हलत नाही. तिसऱ्या पेडलनं सा चा रे आणि प चा ध. एक लीव्हर गुडघ्यानं ढकलला की सा चा कोमल रे, दुसरा ढकलला की सा चा नि. म्हणजे एक सूर धरून ठेवायचा आणि त्याच्या शेजारचा मींडेत सरकवायचा, तोही एकाच वेळी दोन-दोन तारांवर. हे बारनं होत नाही. बार सगळ्या तारांना एकत्र नेतो, फार तर तिरका धरून थोडं काम भागवता येतं.

हे साधण्यासाठी खाली काय काय असतं? प्रत्येक तारेच्या टोकाला वळणारी फिंगर, तिला ओढणाऱ्या सळया, सळयांना बेलक्रँक (शाफ्ट फिरला की सळई ओढणारे छोटे हात), बेलक्रँकना आडवे शाफ्ट, शाफ्टला पेडलच्या उभ्या दांड्या आणि लीव्हर. टोकाला नायलॉनचे नट, ज्यांनी प्रत्येक पेडलचा सूर वेगळा जुळवायचा. सुटे भाग शेकड्यांत जातात. हे मोठ्या कारखान्यात पट्ट्यावर बनत नाही, छोटे छोटे वर्कशॉपवाले थोड्या संख्येनं बनवतात. मला कोणी असली एक बनवायला सांगितली आणि नुसती मजुरी लावली, तरी 2 लाख 40 हजारांत माझं भागणार नाही.

म्हणून माझं मत असं की अमेरिकेत जुन्या पेडल स्टीलची किंमत उलट कमीच असते. जुन्या इलेक्ट्रिक गिटारी लोक भिंतीवर टांगायला आणि गुंतवणूक म्हणून घेतात, त्यांचे भाव त्यामुळे कुठल्या कुठे गेलेत. पेडल स्टील भिंतीवर टांगता येत नाही. ती घेतो तो वाजवणाराच, आणि वाजवणारे मोजके. त्यातले कितीतरी आता वयस्क झालेत, त्यांना जड डबल नेक उचलवत नाही. म्हणून गंमत अशी की दोन नेक, आठ पेडल, दुप्पट सामान असलेली गिटार सिंगल नेकच्या दुप्पट किमतीला जात नाही, थोडीशीच महाग असते. जुनी डबल नेक केससकट 30 किलोच्या पुढे भरते. कळंब्यावरून ऑर्केस्ट्राच्या टेम्पोत चढवून बघा एकदा.

आता आकडे. 3 पेडल आणि 4 लीव्हरची चालू स्थितीतली जुनी सिंगल नेक तिकडे साधारण 1500 ते 2500 डॉलरला मिळते. नव्या प्रोफेशनल गिटारी 4000 च्या पुढे. 1960 च्या दशकातली चांगली इमन्स पुश-पुल (इमन्स कंपनीची नावाजलेली गिटार) असेल तर तिचा हिशोब वेगळा, ती नावावरही विकली जाते. डॉलर ढोबळ 90 रुपये धरला तर तुमचा भाव 2650 डॉलरच्या आसपास बसतो. नुसतं हे बघितलं तर महाग वाटेल. पण 1800 डॉलरची गिटार तुम्ही स्वतः मागवली तर काय होईल ते बघा. 1 लाख 62 हजार तर तिथेच गेले. विमानाचं भाडं वजनावर किंवा खोक्याच्या आकारावर, जे जास्त भरेल त्यावर लागतं. मग कस्टम ड्युटी, आणि ती नुसत्या गिटारीच्या किमतीवर नाही, भाडं आणि विमा मिळवून होणाऱ्या रकमेवर. त्यावर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, तो ड्युटीसकटच्या रकमेवर. दरांसाठी मागवायच्या आधी कस्टम एजंटला विचारा, पण माझ्या अंदाजानं दारात येईपर्यंत अडीच लाखांच्या आसपास जाते. तीही न बघता, न हात लावता. तुम्हाला ती समोर ठेवून तपासायला मिळतेय, हे फुकट मिळालेलं नाही.

मालकांच्या बाजूचं झालं, आता तुमच्या बाजूचं. ही गिटार त्यांना इथे तुम्हाला सोडून विकायची कोणाला? पुणे-मुंबई धरलं तरी घेणारे बोटांवर मोजण्याइतके. उद्या तुम्हाला विकायची झाली तर तुमचीही तीच गत. म्हणून परत विकली तर पैसे निघतील, या हिशोबानं एक रुपयाही मोजू नका. घासाघीस मात्र शांतपणे करा. त्यांनी भाव सांगून ठेवलाय, गिऱ्हाईक त्यांच्याकडेही रांगेत उभं नाही.

माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक जुनी डबल नेक फोटोवरून घेतली. मेक आणि विकणारा दोन्ही सांगत नाही. फोटोत अशी चकाकत होती की डोळे दिपले. नातेवाइकाबरोबर आली, घरात केस उघडली, तर पेडलच्या दांड्याच नाहीत. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, फोटोत कुठे होत्या? बरोबर होतं त्याचं, फोटोत नव्हत्याच. मी पेडलवर नजर ठेवून बसलो होतो, दांड्या बघितल्याच नाहीत. त्या काही मोठी गोष्ट नव्हती, स्टेनलेसची सळई आणून अर्ध्या दिवसात केल्या. पण उलटी केल्यावर बेलक्रँक ओतीव, आणि तीन तडकलेले. ते अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून मिलिंग करून घेतले.

इथपर्यंत मी शहाणा होतो. पुढे शेण खाल्लं. फिंगरवर, जिथून तार वळते तिथे, वर्षानुवर्षांच्या घर्षणानं बारीक चर पडले होते. चरात तार अडकते, सूर परत जागेवर येत नाही. हे पॉलिश करून काढतात. मी बाराशे नंबरच्या बारीक एमरी कागदानं सुरुवात केली, चर जाईनात म्हणून हट्टानं जाड कागद घेतला आणि दोन फिंगरची गोलाई सपाट करून बसलो. तारा चढवल्या आणि छेडल्या, तर झ्झन्! सतार वाजल्यासारखी. मिरजेचे एक सतारमेकर ओळखीचे आहेत, त्यांना फोनवर ऐकवलं. ते हसत म्हणाले, "अहो, ही तर जवारी काढलीय तुम्ही. आम्ही याचे पैसे घेतो." सतारीची घोडी सपाट असते म्हणूनच तार तिच्यावर घासत झंकारते. स्टीलला नेमकं तेच नको असतं. त्या दोन फिंगर शेवटी नव्यानं कराव्या लागल्या.

तेव्हा तपासायला जाताना फोनमध्ये ट्यूनर घ्या, टॉर्च घ्या आणि तासभर वेळ काढा. मायकाची चमक बघू नका, ती ओल्या फडक्यानंही येते. लॅकरची बॉडी असती आणि तिच्यावर केसासारख्या रेघा असत्या, तरी मी म्हणालो असतो की सोडून द्या, त्या दिसायला वाईट, बाकी काही नाही.

पहिली परीक्षा ही. आठवी तार म्हणजे खालचा सा जुळवा, छेडा आणि काट्याकडे बघत पहिली दोन पेडल एकत्र दाबा. ती पेडल सा ला हात लावत नाहीत, म्हणून काटा हलायला नको. हलतो मात्र थोडा, कारण पेडल दाबल्यावर इतर तारांचा ताण वाढून बॉडी किंचित वाकते. तिकडे याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. 3-4 सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरला तर चालतंय, असं जवळजवळ सगळ्याच गिटारींचं असतं. 8-10 उतरला तर समजा बॉडी किंवा जोड कुठेतरी सैल आहे, आणि ते दुरुस्त करणं माझ्यासारख्याच्या हातातलं नाही.

दुसरी परीक्षा त्याच सा वर, पण लीव्हरची. कोमल रे वाला लीव्हर दाबून सोडा, काटा बघा. मग नि वाला दाबून सोडा, पुन्हा बघा. दोन्ही वेळा सा एकाच जागी परत आला पाहिजे. वरून येताना एक आणि खालून येताना दुसरा सा मिळत असेल तर फिंगर झिजलीय किंवा तिथे काही अडकतंय. आधी साफसफाई आणि तेलाचा एक थेंब देऊन बघा, कित्येकदा जुनं चिकट झालेलं तेलच कारण असतं. तरी फरक राहिला तर भाव खाली आणायला हा मुद्दा तुमच्या हातात आहे. सहावी तार, म्हणजे खालचा ग, तिचीही हीच परीक्षा घ्या, तिच्यावर दोन्ही बाजूंचा खेळ असेल तर.

मग गिटार उलटी करा. मालक कुरकुरतील, करू द्या. लीव्हर बोटांत धरून आडवे हलवा, किती खेळ आहे ते कळतं. बुश घासलेले असतील तर मला त्याची काळजी नाही, पितळेचे किंवा नायलॉनचे उद्यमनगरात कुठेही करून मिळतात. ओतीव भागांवर टॉर्च तिरकी मारा, तडा असला की सावली पडते. काही जुन्या मेकमध्ये झिंकचं ओतकाम वापरलेलं असतं, ते ठिसूळ होतं आणि त्याला वेल्डिंगही नीट धरत नाही. सळयांवर आणि स्प्रिंगांवर गंज बघा. परदेशातून आलेली कोरडी गिटार आपल्याकडे एक पावसाळा पलंगाखाली काढते आणि तिचा रंग बदलतो. सगळे आटे इंची असतात हे लक्षात ठेवा, मिलिमीटरची अ‍ॅलन की घालून जोर केला तर स्क्रूचं तोंड जातं. कोणीतरी आधी तसं केलंय का, तेही बघून घ्या.

केस उघडून दांड्या, पाय आणि पेडलचा बार मोजा. का ते सांगितलंच.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. तुम्हाला नक्की काय वाजवायचंय? हिंदी-मराठी गाणी, मींड, ठुमरीचा बाज हे सगळं असेल तर पेडलची गरज नाही. आपल्याकडे व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी जे वाजवलं ते बारवरच वाजवलं. ब्रिजभूषण काब्रांनी तर अख्खा राग त्यावर उभा केला. कोलकात्यात अजून चांगल्या हवाईयन गिटारी बनतात आणि तुमच्या 2 लाख 40 हजारांतला बराचसा पैसा शिल्लक राहील. पेडल स्टील घ्यायची तर ते सरकणारे जोडसूर कानात बसलेत आणि सुटत नाहीत म्हणून. माझं तसंच झालं, म्हणून दुसऱ्यांना शहाणपण सांगायचा हक्क मला फारसा नाही.

मी असतो तर दोन्ही परीक्षांत पास झालेल्या गिटारीला 2 लाख 10 पासून सुरुवात करून 2 लाख 25 ला थांबलो असतो. व्हॉल्यूम पेडलही वाजवून बघितलं असतं, त्याचा पॉट (आवाज कमी-जास्त करणारा आतला भाग) खरखरत असला तर अजून हजार-दोन हजार कमी मागितले असते. सूर परत येत नसेल पण तडा कुठे नसेल तर पावणेदोन लाख. कॅबिनेट ड्रॉप मोठा असेल तर चहा पिऊन परत.

शनिवारी जाणार म्हणताय तर इंची अ‍ॅलन कीचा सेट माझ्याकडचा घेऊन जा. फक्त परत आणून द्या, मागचा सेट एकानं नेला तो अजून आलेला नाही.