'व्हिज्युअल केई'मधलं 'केई' म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे : "कॉलेजात जाणारी भाची जपानी रॉक बँड ऐकते आणि त्यांना 'व्हिज्युअल केई' म्हणते. रंगवलेले डोळे, उभे केलेले केस, झालरी-लेसचे कपडे, आणि हे सगळं बहुतेक पुरुषांच्या अंगावर. हा संगीताचा प्रकार की कपड्यांचा? 'केई' म्हणजे नक्की काय? मराठीत 'दृश्य घराणं' म्हटलं तर चालेल का?"

आधी 'केई'कडे बघू, सगळी मेख तिथे आहे. हा शब्द सहसा एकटा फिरत नाही, दुसऱ्या शब्दाच्या मागे लागतो. चित्रलिपीतल्या त्याच्या अक्षराचा खालचा भाग म्हणजे 'धागा' या अर्थाचं अक्षर, आणि त्याच्या डोक्यावर एक तिरपा फटकारा. एका धाग्यात ओवलेलं ते केई. त्यावरून कूळ, परंपरा, व्यवस्था असे अर्थ आले. 'काकेई' म्हणजे घराण्याची वंशपरंपरा, 'केइझु' म्हणजे वंशावळ, आणि 'ताइयोकेई' म्हणजे सूर्यमाला. (धागा आपल्याकडेही आहेच, माळ दोऱ्याशिवाय होत नाही.)

बोलीत मात्र हा प्रत्यय बराच सैल झाला. नव्वदच्या दशकात तोक्योच्या शिबुया भागातल्या रेकॉर्डच्या दुकानांभोवती जो चटपटीत पॉप वाढला तो 'शिबुया-केई'. तोक्योच्याच अकिहाबारा भागातल्या दुकानांत रमणारे, ॲनिमे आणि व्हिडिओ गेमवाले लोक म्हणजे 'अकिबा-केई'. प्रेमाच्या बाबतीत पुढाकार न घेणाऱ्या तरुणांना 'सोशोकु-केई' म्हणतात, शब्दशः तृणाहारी. यातला एकच शब्द संगीताचा आहे. म्हणजे केई हे वर्गीकरण नव्हे, 'त्या तऱ्हेचा', 'त्यातला' एवढंच ते सांगतं.

आता 'व्हिज्युअल'. इथे इंग्रजीचं भान जरा बाजूला ठेवायला लागतं. जपानीत 'बिजुआरु' हे नाम म्हणून सर्रास वापरतात आणि त्याचा अर्थ होतो रूप, दिसणं. एखाद्याचं 'बिजुआरु' चांगलं म्हणजे तो दिसायला चांगला. त्यामुळे 'दृश्य' हा प्रतिशब्द इथे साफ गंडतो. दृश्य म्हटलं की डोळ्यांपुढे डोंगर-नदी येते, नाहीतर नाटकातला प्रवेश. इथे मामला आहे रूपाचा, सजण्याचा.

या नावाची जन्मकथा मोठी मजेदार आहे. १९८२ साली चिबा प्रांतात योशिकी आणि तोशी या शाळासोबत्यांनी 'एक्स' नावाचा बँड काढला (१९९२पासून 'एक्स जपान'). १९८९च्या 'ब्लू ब्लड' या अल्बमवर त्यांनी एक घोषवाक्य छापलं : 'सायकेडेलिक व्हायोलन्स क्राइम ऑफ व्हिज्युअल शॉक'. व्याकरणाला रामराम, पण दणका आहे! १९९०मध्ये 'शॉक्स' हे मासिक निघालं, त्याचे संस्थापक संपादक सेइइची होशिको. तोवर अशा बँडना लोक 'ओकेशो-केई' म्हणत. 'केशो' म्हणजे मेकअप, पुढचा 'ओ' आदरार्थी; एकूण भाव आपल्या 'रंगरंगोटीवाले'सारखा, किंचित हेटाळणीचा. होशिको यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की तो शब्द त्यांना फार हलका वाटे, म्हणून 'व्हिज्युअल शॉक-केई' म्हणा असं ते आपल्या लेखकांना बजावत. घोषवाक्यातला 'शॉक' वापरात गळून गेला आणि 'व्हिज्युअल-केई' उरलं. चाहत्यांनी त्याचंही 'व्ही-केई' केलं.

मग संगीत की कपडे? सूर एक नाही, हे पहिल्या दोन-तीन बँडमध्येच कळतं. एक्सचं वेगवान मेटल आणि मध्येच पियानोवरची हळवी गाणी. मॅलिस मिझरची हार्पसिकॉर्ड आणि ऑर्गनच्या सुरांनी नटलेली युरोपीय ढंगाची रचना. शाझ्नाचा सरळ गोड पॉप. यांना बांधणारा धागा रूपाचा आहे. मॅलिस मिझरचा गिटारवादक माना स्त्रीवेषात वाजवायचा आणि लोकांसमोर तोंडातून शब्द काढायचा नाही. अशा वादकांना तिथे काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकारातलाच 'ओन्नागाता' (स्त्री-भूमिका करणारा पुरुष नट) हा शब्द लावतात. मराठी वाचकाला बालगंधर्व आठवतील, पण गंधर्व भामिनी किंवा सिंधू उभी करत. माना कोणतीच भूमिका करत नाही, तो मानाच असतो.

मानाने १९९९मध्ये कपड्यांचा स्वतःचा ब्रँडही काढला. त्यामुळे 'फक्त संगीत' म्हणणारेही चुकतात आणि 'फक्त फॅशन' म्हणणारेही. उलट, 'आम्हाला या खोक्यात घालू नका' म्हणणारे बँडही होते. ओसाकाचा ल'आर्क-आँ-सिएल त्यातलाच.

'घराणं' मला पटत नाही, तरी मोह का होतो ते समजतं. एक्सचा गिटारवादक हिदे याने 'लुना सी' या बँडला हेरलं आणि योशिकीच्या 'एक्स्टसी रेकॉर्ड्स'ने त्यांचा पहिला अल्बम १९९१मध्ये काढला. वडीलधाऱ्यांनी हात धरल्याची अशी उदाहरणं आहेत. पण गायकी उचलण्याची, तालीम घेण्याची गोष्ट नाही; आणि घराणं म्हटलं की मराठी माणूस लगेच गायकी विचारणार. माझी पसंती 'वळण'. 'जुन्या वळणाचा माणूस' आपण म्हणतोच की. 'रूपप्रधान वळणाचे बँड' हे अर्थाला चपखल आहे, आणि 'शिबुया वळणाचा पॉप'ही चालून जातं. अर्थात हे समजावण्यापुरतं. नाव म्हणून 'व्हिज्युअल केई'च ठेवावं, भाचीसमोर 'रूपप्रधान वळण' म्हणून बघा, ती उठून जाईल.

लिहायचं कसं? उच्चार जवळजवळ 'के' असा, ए लांबवलेला. पण 'व्हिज्युअल के' लिहिलं तर वाक्य अर्धवट राहिल्यासारखं दिसतं. 'केई' लिहावं, शेवटी दीर्घ. मूळ जपानीत ती ई दीर्घ नाही हे खरं, पण मराठीला शब्दाच्या शेवटी दीर्घच रुचतं. शिरीष पै यांनी रुजवलेला 'हायकू' बघा : जपानीत शेवटचा 'कु' ऱ्हस्व, मराठीत तो निमूटपणे दीर्घ झाला. मधे आलं तर मात्र ऱ्हस्व, म्हणून वर 'केइझु' लिहिलं.

भाचीच्या तोंडी 'बांग्या' आलं तर दचकू नका. 'बँड' आणि 'ग्यारु' (म्हणजे मुलगी या अर्थाच्या इंग्रजी 'गॅल'चं जपानी रूप) यांची ती जोडाजोड; या बँडच्या मागे फिरणाऱ्या मुली. मैफलीत त्या आवडत्या वादकाच्या दिशेने दोन्ही हात उंचावतात, त्या हालचालीला 'साकी' म्हणतात. साकी म्हणजे उमलणं. गझलेतल्या साकीशी याचा काडीचा संबंध नाही.