तळणाच्या तेलाची खळ झाली!

प्रश्न : आमचं फरसाणाचं दुकान आहे. दिवाळीच्या तळणाचं ५ लिटर तेल उरलं होतं. व्हिडिओत पाहून त्यात १ लिटर मिथेनॉल आणि साडेसतरा ग्रॅम कॉस्टिक सोडा घालून बायोडिझेल करायला गेलो. सकाळी पाहतो तर बादलीत पिवळट खळ! चुकलं कुठे? कॉस्टिकऐवजी अंड्याची टरफलं चालतात म्हणे, खरं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची बादली अगदी डोळ्यांसमोर आली. कॉलेजच्या रसायनशाळेत जन्म गेला, तरी माझाही पहिला घाणा असाच फसला होता. कँटीनच्या भज्यांचं तेल. सकाळी त्यात चमचा उभा राहत होता.

तुमचे साडेसतरा ग्रॅम म्हणजे लिटरला साडेतीन, आणि हा हिशेब कोऱ्या तेलाचा. वारंवार तळताना पाणी आणि उष्णतेमुळे तेल फुटतं, मोकळी मेदाम्लं सुटतात. कॉस्टिक आधी त्यांच्याशी जुळतं आणि साबण होतो. मग तेल आणि मिथेनॉलची क्रिया घडवणारा उत्प्रेरक म्हणून उरतं काय?

म्हणून आधी तेल जोखायचं. १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १ ग्रॅम कॉस्टिक विरघळवा. १ मिलि तेल १० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घेऊन फिनॉल्फ्थॅलीन या रंगदर्शकाचे दोन थेंब टाका आणि त्यात ते कॉस्टिकचं द्रावण थेंबथेंब सोडा. गुलाबी रंग टिकला की थांबा. जितके मिलि लागले, तितके ग्रॅम साडेतीनमध्ये मिळवायचे. माझ्या भज्यांच्या तेलाला ४ लागले, म्हणजे लिटरला ७.५ ग्रॅम हवे होते. मी घातले साडेतीन. ते सगळे आम्लांनीच गिळले!

आकडा याहून बराच वर गेला, तर आधी सल्फ्युरिक आम्लाने मेदाम्लांचं एस्टर, म्हणजे बायोडिझेलच, करून घ्यावं लागतं. ते घरी नको.

दुसरा चोर पाणी. तेल ११० अंशांपर्यंत तापवून तडतड थांबू द्या, मग ५५ पर्यंत निववा. मिथेनॉल ६४.७ ला उकळतं, वाफ विषारी, आणि त्याची ज्योत उन्हात जवळपास दिसतच नाही. दुकानाच्या भट्टीजवळ हा उद्योग अजिबात नको. कॉस्टिकचा डबाही उघडा ठेवू नका, हवेतलं पाणी ओढतो.

टरफलांचं खरं आहे, पण नुसती कुटून नव्हे. सुमारे ९०० अंशांना भाजली की त्यांचा कळीचा चुना होतो, तो उत्प्रेरक. गॅसच्या शेगडीवर ते जमत नाही. शिवाय आम्लट तेलात चुन्याचाही साबणच होतो.

ती खळ मोरीत ओतू नका, मिथेनॉल आहे तिच्यात. पुढचं तेल मात्र एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, वापरलेलं तेल गोळा करण्याच्या २०१८ पासूनच्या 'रुको' योजनेत नोंद असलेल्या संकलकाला विका. बायोडिझेलचे प्लांटवाले तुम्ही केलं तेच करतात, फक्त आधी तेल जोखून.