ओउलूत हिवाळ्यासाठी दुसरी सायकल घ्यावी का?

तू विचारलंस की ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात येताना नाशिकची गिअरची सायकल विमानाने आणावी का, आणि ती बारा महिने चालेल का. आणायची तर आण. पण ऑक्टोबर संपता संपता ती घरात उभी कर आणि हिवाळ्यासाठी एक जुनी सायकल घे. ही चैन नाही रे. मी पहिल्या वर्षी एकीवरच भागवलं आणि मार्चपर्यंत चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र), ब्रेकच्या केबल, सगळं बदलावं लागलं.

थंडीत सायकल चालवता येईल का, ही काळजी सोड. इथली शाळकरी मुलं उणे वीसमध्येही सायकलने शाळेत जातात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये याच गावात भरली होती. सायकलमार्ग गाड्यांपासून वेगळे आहेत आणि त्यांवरचा बर्फ सारतात. खाली उरतो तो दाबून घट्ट झालेला थर, आणि उणे दहाला त्यावर टायर छान धरतो. घात होतो तो शून्याच्या आसपास. दुपारी वितळतं, रात्री गोठतं आणि सकाळी रस्त्याची काच झालेली असते.

म्हणून पैसे सायकलवर नको, टायरवर घाल. खिळ्यांचे टायर मिळतात, फिनिशमध्ये नास्तारेंगास. एकच परवडत असेल तर तो पुढच्या चाकाला लाव. मागचं चाक घसरलं तर पाय टेकून सावरता येतं, पुढचं घसरलं की थेट कोपरावर. नवे टायर पहिले ४०-५० किलोमीटर डांबरावर चालव, करकचून ब्रेक मारू नकोस, म्हणजे खिळे नीट बसतात.

सायकल कशी बघायची? तोरी या जुन्या वस्तूंच्या फिनिश वेबसाइटवर हेलकामा या फिनिश कंपनीच्या जुन्या सायकली शोध: एक किंवा तीन गिअर, मडगार्ड, कॅरिअर आणि उलटं पेडल मारलं की लागणारा ब्रेक. हा ब्रेक चाकाच्या आत असतो, त्यामुळे रिमवर बर्फ साचला तरी लागतो.

एक गोष्ट माझ्यासारखी शिकू नकोस. मी सायकल रोज उबदार तळघरात ठेवायचो. एके सकाळी उणे अठरा होतं. तुइराच्या पुलावर पोचलो आणि पेडल नुसतंच फिरायला लागलं, चाक जागचं हलेना. चाकांचा बर्फ तळघरात वितळून पाणी फ्रीव्हीलमध्ये शिरलं होतं, बाहेर ते गोठलं आणि आतले खटके चिकटून बसले. लिन्नानमापर्यंत, म्हणजे विद्यापीठाच्या आवारापर्यंत, सायकल ढकलत गेलो. तेव्हापासून हिवाळ्याची सायकल बाहेरच, छपराखाली. चेन मात्र दर आठवड्याला पुसून तेल घालतो, कारण मोठ्या रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गंज चढवायला वेळ लावत नाही.

डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य चार तासही वर नसतो. पुढे पांढरा, मागे लाल दिवा कायद्यानेच लागतो. बॅटरीचा असेल तर उतरवून घरात ने, थंडीत बॅटरी लवकर बसते.

बर्फ गेला म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला नाशिकची सायकल काढू नकोस. घसरू नये म्हणून टाकलेली बारीक खडी रस्त्यावर तशीच असते आणि तिच्या धारदार कडा ट्यूब फाडतात. ती झाडून नेली की मग काढ.

टायर बदलायला माझ्याकडे ये, १५चा पाना आणि पंप आहे.