आईच्या ट्रंकेतली फुलदाणी विकू का?

प्रश्न : गिरगावातलं जुनं घर आवरताना आईच्या ट्रंकेत मातीची फुलदाणी मिळाली, फूटभर उंच, गडद निळ्यावर फिकट फुलं-वेली. बुडाला इंग्रजीत काहीतरी कोरलंय, त्यातलं 'बॉम्बे' आणि 'स्कूल' एवढंच लागतं. एक अँटिकवाला म्हणाला, जयपूरची ब्लू पॉटरी आहे, दोन हजार देतो. भाऊ म्हणतो अमेरिकेला नेऊ, तिकडे भाव येईल. काय करू?

उत्तर : ताई, आत्ता कुणालाही देऊ नका! आधी ती उलटी करा आणि बुडाच्या कडेला जिथे ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप नाहीये तिथली माती उजेडात बघा. जयपूरची ब्लू पॉटरी मातीची नसतेच, ती क्वार्ट्झची पूड आणि काच वगैरे मिसळून करतात त्यामुळे टवका उडाला की आत पांढरट, रवाळ दिसतं. तुमच्याकडे लालसर माती दिसली तर जयपूर बाद, आणि मग मला फार आनंद होईल कारण ती आपल्या मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टची असू शकते, बुडावरचं 'बॉम्बे' आणि 'स्कूल' त्याचंच असेल. १८७०च्या दशकात तिथले शिक्षक जॉर्ज टेरी यांनी पॉटरी सुरू केली, सिंधचे कुंभार आणले (सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं), म्हणून ती निळाई सिंधमधल्या हाला गावच्या कामासारखी दिसते, आणि काही भांड्यांवर तर अजिंठ्याची चित्रं आहेत, कारण जे.जे.चे विद्यार्थी तेव्हा अजिंठ्याला जाऊन त्यांच्या नकला करत होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ही भांडी आहेत आणि भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयातही, तिथे जाऊन तुमच्या फुलदाणीचा फोटो शेजारी धरून बघाच.

आता ती अक्षरं. भिंग घ्या. ओल्या मातीत कोरलं असेल तर कडा मऊ, किंचित उचललेल्या असतात आणि ग्लेझ पसरलं असेल तर खाचेत उतरलेलं असतं. भाजल्यानंतर कुणी खरवडलं असेल तर कडा तुटक, खडबडीत. नुसत्या नावावर मात्र जाऊ नका, माती, कारागिराचा हात आणि नाव तिन्ही जुळायला हवं. यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च मिळाला तर अंधारात फिरवा, नंतर जोडून रंगवलेला भाग बऱ्याचदा वेगळा चमकतो. घासू नका, ब्लीच नको, फेव्हीक्विक तर अजिबात नको.

किमतीचं म्हणाल तर ऑनलाइन लोक मागतात तो आकडा धरू नका, लिलावात तसंच भांडं प्रत्यक्षात कितीला गेलं ते बघा. तडा असेल तर भाव बराच पडतो. ट्रंकेत जुनी पावती, पत्र, फुलदाणी मागे दिसतेय असा फॅमिली फोटो सापडला तर जपून ठेवा, घेणारा तेही विचारतो. आणि भावाला सांगा, शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर १९७२च्या कायद्याने ती अशी बॅगेतून परदेशी नेता येत नाही.

प्रश्न : सासूबाईंच्या डिशच्या मागे 'मेड इन जपान' आहे. शंभर वर्षं जुनी म्हणता येईल?

उत्तर : त्या शिक्क्यावरून तरी नाही. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर १८९१पासून देशाचं नाव लागायचं, तेव्हा जपानी भांड्यांवर 'निप्पॉन' (जपानचं त्यांच्या भाषेतलं नाव) यायचं, १९२१पासून 'जपान' झालं. म्हणजे तुमची डिश बहुतेक त्यानंतरची. नक्षी भिंगातून बघा, बारीक ठिपके दिसले तर छापील, ब्रशचे फटकारे दिसले तर हाताची, आणि हाताची असेल तर मला फोटो पाठवा.