स्वित्झर्लंडमध्ये चिल्ल्यापिल्ल्यांसोबत पहिला ट्रेक

चार आणि सात वर्षांची मुलं असतील तर नक्की जा! सुरुवात मेनलिखेन ते क्लाइने शाइडेग या डोंगरवाटेने करा. वर मेनलिखेनला गोंडोलाने (रोपवेने) जायचं, साधारण साडेचार किलोमीटरची सौम्य उतरण, समोर आयगर शिखर, आणि शेवटी रेल्वे स्टेशन. मेनलिखेनला मुलांसाठी खेळायची जागाही आहे. मात्र खेळणं नंतरसाठी ठेवू नका, चालायच्या आधीच खेळू द्या.

नवखे लोक हमखास चुकतात ते पाटीवरच्या वेळेत. पिवळ्या पाटीवर दीड तास लिहिलं असेल, तर ती मोठ्यांची, न थांबता चालायची वेळ असते. तुम्ही तीन तास धरा. धाकटी प्रत्येक गोगलगायीपाशी उकिडवी बसणार. बसू द्या, त्यासाठीच तर आलोय.

- फक्त पिवळ्या खुणांच्या वाटा. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणांच्या, म्हणजे अवघड डोंगरी वाटा, पुढच्या वेळी.
- सकाळी लवकर निघा, उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट होतो. शेवटच्या गाडीची वेळ आधी बघा.
- बूट निघण्याआधी घरीच दोन-तीन आठवडे घालून रुळवा. कोऱ्या बुटांनी फोड येतात.
- जुलैतही रेनकोट आणि स्वेटर पाठीवर हवाच.
- दशम्या, लाडू भूक लागायच्या आधी द्या.

मूल रडवेलं झालं, तर अर्ध्यातून परत फिरा.